पडलेला वड उभा करायचा की नाही, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या गोदाकाठी तुमची जुनी वस्ती आहे. वस्तीच्या तोंडाशी असलेला वड परवाच्या वळवात मुळांसकट आडवा झाला. छातीच्या उंचीवर त्याचा घेर ४.८ मीटर भरतो. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे या वडाच्या सावलीला उतरत, असे वस्तीतली जुनी माणसे सांगतात. रस्त्यावर आलेल्या फांद्या कापून झाल्या आहेत आणि बाकीचे झाड दोन दिवसांत उचलले जाणार आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: वड पुन्हा उभा राहील का, नाही तर बुंधा जपता येईल का, आणि त्याच जागी नवा वड लावला तर त्याला काही अर्थ राहील का.

उत्तर देण्याआधी कामाचा क्रम बदलायला हवा. मोठे झाड पडले की सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा क्रेन येते. क्रेनच्या चर्चेत दोन दिवस जातात, तेवढ्यात करवत फिरते आणि जे सहज वाचले असते तेही जाते. अशा झाडाबरोबर चार वेगवेगळ्या गोष्टी जातात आणि प्रत्येकीच्या हातात वेळ निराळा असतो. उघडी पडलेली बारीक मुळे उन्हात काही तासांत मरतात. फांद्या सावलीत असतील तर चार-सहा दिवस जिवंत राहतात. झाडाची मापे आणि ते का पडले याचा पुरावा पहिल्या चेनसॉपर्यंतच टिकतो. लाकूड काही आठवडे थांबू शकते. म्हणून आज मुळांवर ओले गोणपाट टाका, फांद्या काढून सावलीत ठेवा, मापे आणि फोटो घ्या. क्रेनचा विचार त्यानंतर.

त्याआधी एक कागद लागेल. जागा सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लांबलचक नको, तीन मागण्या पुरेत: वाहतुकीला आड येणारा भाग सोडून बाकी झाड चार दिवस कापू नये, बुंध्याचा तळाचा दोन मीटरचा तुकडा वस्तीच्या ताब्यात द्यावा, खड्ड्यात डबर टाकू नये. पंचनाम्यात घेर, झाडाची जात आणि 'अंदाजे वय ५० वर्षांहून जास्त' ही नोंद करून घ्या. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटले गेले. झाड पडलेले असले तरी ही नोंद पुढे जागा राखताना कामी येते. जागा खासगी असेल तर मालकाचे संमतिपत्र घ्या, नाही तर लाकडावरून वाद होतात. फांद्यांना किंवा पारंब्यांना महावितरणची तार अडकली असेल, तर वायरमन येऊन लाइन बंद करेपर्यंत कोणी हात लावू नये. ढोल्यांमध्ये पिंगळ्याची पिल्ले आहेत का, तेही करवत चालू होण्याआधी बॅटरी मारून पाहा.

आता झाड वाचेल का? हे मुळे बघूनच सांगता येते, फांद्यांवरून नाही. झाड पडल्यावरही वडाची पाने आठवडाभर हिरवी राहतात. त्यावरून 'जीव आहे' असा समज होतो, पण तो साठवलेल्या पाण्यावरचा जोर असतो. मुळांचा उचललेला गड्डा पाण्याने हलकेच धुऊन घ्या आणि तुटलेली टोके एकेक करून पाहा. काही टोके ताजी असतील: आतून पांढरट, तंतू ओढून तुटलेले, चीक आलेला. ही मुळे परवापर्यंत झाडाला धरून होती. काही टोके तपकिरी-काळपट, बोटाने दाबली की स्पंजसारखी दबणारी आणि कुबट वासाची असतील. ती वर्षानुवर्षे कुजत होती. तिसरा प्रकार म्हणजे सरळ कापलेली टोके, ज्यांच्यावर जुनी गाठ आलेली असते. पाइप, केबल किंवा गटारासाठी कधीतरी चर खणला गेला आणि मुळे तोडली गेली, याची ती साक्ष. शहरातल्या जुन्या झाडांच्या मुळांत हा तिसरा प्रकार फार वेळा दिसतो, आणि तो बहुतेकदा एकाच बाजूला असतो. झाड विरुद्ध बाजूला पडते.

बुंध्याच्या तळाशी लाकडासारखे कडक, वरून तांबूस-तपकिरी व चकचकीत, कडेला पांढरे असे छत्र दिसते का तेही पाहा. ती गॅनोडर्मा बुरशी. ती असेल तर मुळे आणि बुंध्याचा तळ आतून सडलेला आहे असे धरून चाला. पाराचीही तपासणी करा. जुने पार दगडाचे, कोरड्या रचाईचे असत, त्यातून पाणी आणि हवा जात असे. त्यावर सिमेंट चढले, आत दोन-तीन फूट भराव पडला, वर फरशी बसली की बुंध्याची साल कायम ओल्या मातीत राहते आणि कुजते. पाराच्या पातळीखालची साल चाकूच्या टोकाने खरवडली तर खाली हिरवट-पांढरा ओलसर थर दिसायला हवा. तो तपकिरी असेल तर तेवढा भाग मेलेला आहे.

पुन्हा उभे करायचे तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. मुळांच्या गड्ड्याचा निदान तिसरा हिस्सा अजून जमिनीत धरलेला हवा, म्हणजे झाड बिजागरीवर फिरल्यासारखे पडलेले हवे. बुंधा उभा चिरलेला नको. तुटलेली मुळे बहुतेक ताजी हवीत. यातली एक जरी गोष्ट नसली तरी मी क्रेनवर पैसे घालू नका असे सांगतो. सडलेल्या मुळांचे झाड उभे केले तर ते एखाद्या वर्षात पुन्हा पडते, आणि त्या वेळी खाली माणसे असू शकतात.

वजनाचा हिशेब करून पाहा. ४.८ मीटर घेर म्हणजे साधारण १.५ मीटर व्यास. मुख्य बुंधा ४ मीटर लांब धरला तर सुमारे ७ घनमीटर लाकूड होते. ओले लाकूड घनमीटरला ८०० ते १००० किलो धरले तर फक्त बुंधाच ६ ते ७ टनांचा. मुळांचा गड्डा ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल धरला तर ७ घनमीटर ओली माती, म्हणजे आणखी सुमारे १२ टन. फांद्या निम्म्याहून जास्त छाटल्या तरी एकूण वजन २० टनांच्या पुढे जाते. गावात सहज मिळणारी हायड्रा क्रेन १२-१४ टनांची असते, आणि तेवढे वजन ती बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असतानाच उचलते. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने घटते. म्हणून '२० टनांचे झाड, २० टनी क्रेन' हा हिशेब चुकतो. क्रेनवाल्याला वजन सांगून भागत नाही. क्रेन झाडापासून किती मीटरवर उभी राहणार तेही सांगावे लागते आणि त्याच्याकडचा भार-तक्ता, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलते याचा तक्ता, पाहावा लागतो. जुन्या वस्तीत मोठी क्रेन गल्लीत शिरत नाही. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो.

क्रेन येणार असेल तर तारेचा दोर थेट बुंध्याला लावू देऊ नका. साल पिळवटून सुटते आणि बुंध्याच्या चारी बाजूंची साल गेली की मुळांना अन्न पोचत नाही. रुंद पट्ट्याचा स्लिंग वापरावा, खाली गोणपाटाच्या चार-पाच घड्या द्याव्यात. उचलण्याआधी खड्डा साफ करून, फाटलेली मुळे धारदार करवतीने सरळ कापून घ्यावीत. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचा. लोखंडी भांडे चालत नाही. नाशिकमध्ये द्राक्षाची बाग असलेला कोणीही हे डोळे मिटून करून देईल. माती परत भरताना थराथराने पाणी सोडत भरावी, म्हणजे हवेच्या पोकळ्या राहत नाहीत. मग तीन बाजूंना लोखंडी खांबांचे टेकू द्यावेत. ते निदान तीन पावसाळे काढू नयेत.

आता एक तिसरी वाट सांगतो, आणि माझे मत तिच्या बाजूने आहे. झाड पडल्या जागी रस्ता किंवा घर नसेल, तर ते आडवेच राहू द्या. वडाला उभे राहणे गरजेचे नसते. मुळांचा काही भाग जमिनीत असेल तर उघड्या मुळांवर माती चढवायची, आडव्या बुंध्याखाली दगडांचे टेकू द्यायचे, वरच्या बाजूच्या फांद्या राखायच्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आडव्या खोडावर उभे फुटवे येतात. जमिनीच्या दिशेने सुटणाऱ्या पारंब्या मातीपर्यंत पोचवल्या तर त्याच पुढे खोडे होतात. त्यासाठी उभा चिरलेला बांबू किंवा अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप पारंबीभोवती बांधतात, आत माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग भरतात आणि तो ओला ठेवतात. पारंबीचे टोक हवेत असेपर्यंत सावकाश वाढते. मातीत शिरले की पारंबी जाड होऊ लागते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मुख्य बुंधा वादळे आणि बुरशीमुळे खराब झाला, म्हणून १९२५ साली तो काढून टाकावा लागला. झाड आजही पारंब्यांवर उभे आहे आणि पसरत आहे. तुमची जागा वस्तीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे ये-जा किती अडते यावर हे ठरेल. पण उभा करण्याचा हट्ट सोडला तर जगण्याची शक्यता वाढते, हे वस्तीच्या बैठकीत नक्की मांडा.

झाड यातल्या कोणत्याही वाटेने जगो वा न जगो, फांद्यांची कलमे आजच घ्यायची. या कामात कसलाही तोटा नाही.

दोन प्रकारची कलमे घ्या. पहिला प्रकार पिशवीतल्या काड्यांचा. पेन्सिल ते अंगठ्याइतकी जाड, मागच्या एक-दोन वर्षांत वाढलेली काडी, २० ते २५ सेंमी लांब, चार-पाच डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्या, वरचा डोळ्याच्या बोटभर वर सरळ घ्या. तिरका काप खाली हा नियम पाळला की काडी उलटी लावली जात नाही, आणि उलटी लागलेली काडी मुळे धरत नाही. पाने काढून टाका, वरची दोन ठेवली तर अर्धी कापा. वडाचा चीक कापावर साकळतो आणि पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून काड्या तासभर पाण्यात उभ्या ठेवा आणि चीक धुऊन टाका. मग खालचे ३ सेंमी टोक ३००० पीपीएम आयबीएच्या (मुळे फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात दहा सेकंद बुडवा. आयबीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही: ०.३ ग्रॅम पावडर ५० मिली स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्याने १०० मिली करा. डॉगरिज खुंटाची रोपे करणाऱ्या द्राक्ष नर्सरीत हे तयारच असते. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडे कोणी ओळखीचे असेल तर सगळे काम तिथेच करून घ्या. माध्यम म्हणून धुतलेली वाळू आणि कोकोपीट समभाग घ्या, शेणखत अजिबात नको, टोक सडते. पिशवी ६ बाय ९ इंची, खाली भोके पाडलेली. वर ५० टक्के शेडनेट.

जुन्या झाडाच्या काड्या तरुण झाडाच्या काड्यांपेक्षा कमी लागतात, म्हणून ६० ते ८० काड्या लावा. त्यातल्या निम्म्या लागल्या तरी भरपूर झाल्या. इथे हमखास होणारी चूक अशी: दोन-तीन आठवड्यांत काडीला हिरवा फुटवा येतो, सगळे खूश होतात आणि काडी उपटून मोठ्या कुंडीत नेतात. तो फुटवा काडीतल्या साठ्यावर आलेला असतो, खाली मूळ नसते. आठवडाभरात तो माना टाकतो. पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरे मूळ दिसेपर्यंत हात लावू नका. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात.

दुसरा प्रकार मेढीचा, जो वड-पिंपळ-उंबरासाठी खेड्यात पूर्वापार चालत आला आहे. मनगटाएवढी जाड, २ ते २.५ मीटर लांब, सरळ फांदी घ्या. वरच्या टोकाला लगेच रंगाची खूण करा. सावलीत एक दिवस उभी ठेवून चीक सुकू द्या. ६० सेंमी खोल खड्डा करून लावा. पहारीने भोक पाडून ठोकू नका, साल सोलते आणि मुळे सालीतूनच फुटत असतात. वरच्या कापाला बोर्डो पेस्ट किंवा शेण-माती लावा, अंगाला ओले गोणपाट गुंडाळा. आठ-दहा मेढी पुरेत. मेढ लवकर मोठी दिसते, गुरांच्या तोंडापासून वर राहते, पण तिची मुळे एकाच थरातून फुटतात आणि सुरुवातीची काही वर्षे वाऱ्याला कच्ची राहतात. म्हणून मेढी विम्यासारख्या ठेवा आणि मुख्य जागी पिशवीतले रोप लावा, असे मी सुचवेन. जून हा दोन्हींसाठी चांगला महिना आहे, एवढी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. झाड एप्रिलमध्ये पडले असते तर शेडनेटखाली दिवसातून चार वेळा पाणी फवारावे लागले असते.

झाडाखाली उगवलेली रोपे किंवा फळातले बी लावले तर चालेल का, असेही कोणीतरी विचारेल. लावा, पण ते या झाडाचे मूल आहे, हे झाड नाही. वडाचे फळ एका खास जातीच्या चिमुकल्या गांधीलमाशीमुळे परागीभवन होऊन तयार होते, आणि ती पराग दुसऱ्या वडावरून आणते. काडीतून आलेले रोप मात्र त्याच झाडाचा पुढचा भाग असतो. श्रीलंकेतल्या अनुराधापूरचा बोधिवृक्ष हे याचे जवळचे उदाहरण. तो बोधगयेच्या पिंपळाच्या फांदीपासून वाढवल्याची परंपरा दोन हजारांहून जास्त वर्षांची आहे. त्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी २०२३ मध्ये आपल्याच नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी लावली गेली. नव्या वडाला अर्थ राहील का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आहे: राहील, पण तो त्याच झाडाच्या काडीचा हवा आणि तशी लेखी नोंद हवी. नर्सरीतून आणलेला वड हे चांगले झाड असेल, तुमचा वड नसेल.

आता सत्याग्रहाच्या आठवणीविषयी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण झाडापेक्षा तो जास्त सहज हरवतो. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच वर्षी ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून संघर्ष झाला आणि पुढे काही वर्षे लढा चालू राहिला. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे नाशिकला आली, ती कुठेतरी उतरलीच असणार. ती तुमच्या वडाखाली उतरली का, हे लाकूड सांगू शकत नाही. पण १९३० साली तो वड सावली देण्याइतका मोठा होता का, हे लाकूड सांगू शकते. तेवढे सिद्ध झाले तरी आठवणीला आधार मिळतो.

घेरावरून वय काढण्याचे जे सरळ भागाकार सांगितले जातात, त्यांच्यावर वडाच्या बाबतीत विसंबू नका. पारंब्या बुंध्याला चिकटून त्यात मिसळतात आणि घेर भराभर वाढतो. पाणी जवळ असेल तर वाढ दुप्पट असू शकते. सागवानात वर्षाची वलये मोजता येतात, वडात ती नीट उमटत नाहीत. कार्बन-१४ तपासणी, म्हणजे लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणे, शक्य आहे; अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तशी यंत्रणा आहे. पण गाभ्याचा एक तुकडा पाठवून 'वय सांगा' म्हटले तर निराशा होईल. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाला ही पद्धत एकच एक वर्ष देत नाही. तिच्या उत्तरात १७०० आणि १८८० दोन्ही बसू शकतात.

उपयोग होतो तो वेगळ्या रीतीने. १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. १९६३ ते ६५ च्या सुमाराला तो कळसाला पोचला आणि मग उतरला. त्या वर्षांत तयार झालेले लाकूड तपासणीत स्पष्ट ओळखू येते. बुंध्याच्या मध्यापासून सालीपर्यंतच्या पट्टीतून चार-पाच नमुने तपासले तर तो थर मध्यापासून किती अंतरावर आहे हे कळते. समजा तुमच्या ७६ सेंमी त्रिज्येच्या बुंध्यात तो ४२ सेंमीवर सापडला. म्हणजे १९६४ च्या आसपास झाड ८४ सेंमी व्यासाचे होते आणि त्यानंतरच्या ६२ वर्षांत बाहेरून ३४ सेंमी वाढले, वर्षाला साधारण साडेपाच मिलीमीटर. त्याच वेगाने १९३० पर्यंत मागे गेलो तर त्रिज्या सुमारे २३ सेंमी, व्यास सुमारे ४७ सेंमी येतो. तरुणपणी वाढ जास्त जोमाची असते म्हणून वेग ८ मिलीमीटर धरला तरी व्यास ३० सेंमीच्या आसपास राहतो. मोकळ्यावर वाढलेला एवढा वड माणसांच्या एका तुकडीला सावली देतो. बुंध्याचा मध्य मिसळलेल्या पारंबीचा असू शकतो, म्हणून पट्ट्या दोन वेगवेगळ्या दिशांनी घ्या.

पट्टी घेण्याची रीत: जमिनीपासून एक-सव्वा मीटरवर, जिथे बुंधा शक्य तितका गोल आहे तिथे, मध्यापासून सालीपर्यंत १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड फळी. साल काढू नका. त्यावर तेल, वॉर्निश, कीटकनाशक, फेव्हिकॉल काहीही लावू नका. या सगळ्यांत कार्बन असतो. चेनसॉच्या पात्याचे तेलही कापावर बसते, म्हणून नमुना घेताना वरचे दोन-तीन मिलीमीटर तासून टाकावे लागतात. सावलीत वाळवून साध्या कागदात गुंडाळा, कोणती बाजू बाहेरची ते फळीवर पेन्सिलने लिहा, तारीख टाका. तपासणीचे पैसे आज नसतील तरी फळी ठेवा. पाच वर्षांनीही ती तेवढीच उपयोगी असेल.

माणसांच्या आठवणींची नोंदही तितकीच काटेकोर हवी. १९३० साली दहा वर्षांचे असलेले माणूस आज शंभरी ओलांडलेले असेल, म्हणजे तुम्ही ऐकता त्या जवळजवळ सगळ्या आठवणी ऐकीव आहेत. त्याने त्या खोट्या ठरत नाहीत, पण कोणी कोणाकडून कधी ऐकले हे लिहायला हवे. फोनवर रेकॉर्ड करा. 'सत्याग्रही इथेच उतरायचे ना?' असे विचारू नका; 'या झाडाबद्दल घरात काय सांगत?' असे विचारा. दोन वेगळ्या घरांतली माणसे एकमेकांशी न बोलता तोच तपशील सांगत असतील, उदाहरणार्थ कुठल्या गावची माणसे आली, पाणी कुठून आणले, तर तो तपशील वजनदार. जुन्या लग्नांचे, मिरवणुकांचे, जयंतीचे फोटो मागवा. मागे वड दिसत असेल आणि फोटोचे साल कळत असेल, तर बुंध्याशेजारी उभ्या माणसाच्या उंचीवरून त्या सालचा घेर काढता येतो. जागेचे जुने नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतील. सत्याग्रहाच्या काळातल्या पोलिसी नोंदी महाराष्ट्र शासनाने छापलेल्या साधनखंडांत आहेत. आंदोलकांच्या मुक्कामाच्या जागा त्यांत धुंडाळता येतील.

बुंधा जपण्याबद्दल थोडक्यात. वडाचे लाकूड मऊ, चिकाळ, भुंगा आणि बुरशी लागणारे. उघड्यावर ठेवून रंग मारलेला बुंधा काही पावसाळ्यांत आतून भुसा होतो, आणि तेलरंग तर आतला ओलावा कोंडून सडण्याचा वेग वाढवतो. जपायचीच तर १० ते १२ सेंमी जाडीची एक पूर्ण चकती जपा. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जास्त आणि त्रिज्येच्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे चकती कुठेतरी फाटतेच. ती आपल्याला हव्या त्या जागी फाटावी म्हणून सालीपासून मध्यापर्यंत करवतीचा एक काप आधीच घेऊन ठेवा. ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड एक लिटर गरम पाण्यात, या प्रमाणातले द्रावण दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा ब्रशने द्या. मग लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी, उन्हापासून दूर. वर्षभर तरी वाळू द्या. वयाच्या तपासणीची फळी यातून वेगळी ठेवा, तिला हे द्रावण नको.

नव्या रोपाच्या जागेविषयी. जुन्या खड्ड्यात सडकी मुळे किंवा गॅनोडर्मा असेल तर तिथे लावू नका; पाच-सहा मीटर बाजूला सरका आणि हात पोचेल तेवढी जुनी मुळे खणून काढा. दीड मीटर लांब-रुंद, सव्वा मीटर खोल खड्डा घ्या. खाली कडक मुरूम लागला तर तो पहारीने फोडा, नाही तर मुळे कुंडीत अडकल्यासारखी फिरत राहतात. पोयटा माती तीन भाग, कुजलेले शेणखत एक भाग, २ किलो निंबोळी पेंड, १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळांच्या रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी). भोवती निदान ३ मीटर त्रिज्येत पेव्हर नको, काँक्रीट नको, आणि पार बांधायचाच तर बुंध्यापासून दूर, कोरड्या दगडाचा, आत भराव न टाकता. पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी २० लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला ४० लिटर पाणी. अशा लावलेल्या झाडांची मर पहिल्या नव्हे, दुसऱ्या उन्हाळ्यात जास्त होते, कारण तोवर फोटो काढून झालेले असतात आणि पाण्याची पाळी कोणाची हे कोणालाच ठाऊक नसते. पाळीचा कागद आत्ताच भिंतीला लावा. आणि सगळी रोपे एकाच जागी ठेवू नका. दहा-बारा रोपे दोन-तीन शाळांत आणि सामाजिक वनीकरणाच्या एखाद्या रोपवाटिकेत द्या, प्रत्येकाला मूळ झाडाचे नाव आणि तारखेची पत्र्याची पट्टी बांधून.

आज संध्याकाळपर्यंत मला तीन फोटो हवे आहेत: मुळांच्या गड्ड्याचा खालून काढलेला, पाराखालच्या खरवडलेल्या सालीचा जवळून, आणि झाड पडले त्या दिशेने रस्त्याची रुंदी दाखवणारा. फोटोत टेप किंवा फूटपट्टी दिसू द्या. ते पाहून उभा करायचा, आडवा राखायचा की कलमांवरच भर द्यायचा, हे तुमच्या झाडापुरते नेमके सांगता येईल. तोवर गोणपाट ओले ठेवा आणि मेढींच्या वरच्या टोकाला रंग लावायला विसरू नका.